काळापहाड आला कुठून?

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून रहस्यकथेवर बोलावे, याचे काही मंडळींना नवल वाटले. बोनस, किमान वेतन, कंत्राटी पद्धत हे आमचे नेहमीचे विषय. परंतु आमचे शाळेतले शिक्षण आठवीपुढे गेले नाही, आणि पुढे जे काही शिक्षण झाले त्याचा श्रीगणेशा ज्ञानकोशाने नव्हे, तर बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांनी झाला. कोलशेतच्या रंग-रसायनांच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारे लोक ती पुस्तके डब्याच्या पिशवीतून नेत. दहा हातांतून फिरून ती आमच्यापर्यंत येत तेव्हा त्यांचे मुखपृष्ठ गेलेले असे आणि पुष्कळदा शेवटचे पानही गेलेले असे. मग गुन्हेगार कोण, हे आमचे आम्हीच शोधून काढायचे. त्या फाटक्या पानांनी आम्हांला जो विचार करायला लावला, तो शाळेतल्या धड पुस्तकांनीही लावला नव्हता.

बाबुराव अर्नाळकर हे टोपणनाव. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत त्यांचा चष्म्याचा व्यवसाय होता. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्या संख्येची नोंद गिनीज बुकात झाली. १९९६ साली ते वारले. ज्या अर्नाळ्याचे नाव या टोपणनावात आहे ते गाव आणि तिथला जलदुर्ग, आज पालघर जिल्ह्यात गेला असला तरी २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. तेव्हा नावापुरता तरी हा लेखक आपल्या गोतातला, असे म्हणायला हरकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अर्नाळकरांचे नायक आठवून पाहा. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू, दर्यासारंग, भीमसेन. यांतला धनंजय हा रीतसर गुप्तहेर. परंतु लोकांच्या तोंडी जी नावे बसली ती झुंजारची आणि काळापहाडची. हे दोघे कायद्याच्या काठावरून चालणारे. काळापहाड तर पोलिसांना हुलकावणी देणारा, धनदांडग्या लबाडांना लुबाडणारा आणि अडल्यानडल्याच्या बाजूने उभा राहणारा. रहस्यकथा म्हणजे पोलिसाने चोर पकडण्याची कथा, अशी आपली सर्वसाधारण समजूत. मग मराठी वाचकाने पोलिसाला सोडून त्याला चकवणाऱ्याला का डोक्यावर घेतले? हा काळापहाड आला कुठून?

याचे प्रचलित उत्तर असे की तो इंग्रजी पुस्तकांतून आला. हे उत्तर खोटे नाही. त्या काळी लंडनच्या बाजारातल्या स्वस्त इंग्रजी रहस्यकथा मुंबईत ढिगाने येत. त्यांतले काळा वेष घालणारे सभ्य दरोडेखोर, श्रीमंतांना गंडवणारे बहाद्दर, हुशार गुप्तहेर आणि त्यांचे पोरसवदा मदतनीस अर्नाळकरांनी उचलले आणि त्यांना मराठी नावे, मराठी बायका व मराठी बोलणे दिले. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. त्या बाजारात शेकडो नायक विकायला होते. त्यांतला नेमका हाच येथे का रुजला? बी कुठलेही असो, ते कोणत्या जमिनीत धरते याचा तपास शेतकरी करतो. तोच तपास आज आपण करू.

प्रथम विलायतेच्या जमिनीकडे पाहू, म्हणजे फरक ध्यानात येईल. सर आर्थर कॉनन डॉयल यांचा शेरलॉक होम्स १८८७ साली अवतरला. त्याचे मूळ एका हाडामांसाच्या माणसात होते, हे डॉयल यांनीच सांगितले आहे. हा माणूस म्हणजे एडिंबरोचे शल्यवैद्य डॉ. जोसेफ बेल. डॉयल त्यांचे विद्यार्थी आणि रुग्णालयातले त्यांचे मदतनीस होते. समोर आलेल्या रोग्याने तोंड उघडण्यापूर्वीच डॉ. बेल त्याची हकीकत सांगत. एका रोग्याला त्यांनी सांगितले, तू लष्करात होतास, नुकताच सुटलास आणि बार्बाडोसला होतास. त्याची कारणेही त्यांनी विद्यार्थ्यांपुढे मांडली. हा मनुष्य विनयशील आहे, पण त्याने टोपी काढली नाही, कारण लष्करात ती काढत नाहीत. नुकता सुटला नसता तर नागरी रीत त्याच्या अंगवळणी पडली असती. आणि त्याला हत्तीरोग आहे, तो त्या बेटावर आढळतो. होम्सची सगळी किमया या एका प्रसंगात आहे. म्हणजे विलायतेच्या नामांकित गुप्तहेराचे मूळ पोलीस चौकीत नव्हते, दवाखान्यात होते. त्याच्या नजरेमागे रोग्याला बरे करण्याचा हेतू होता. म्हणून तिकडच्या वाचकाला त्या नजरेचे भय वाटले नाही.

आपल्याकडे ही नजर कोणत्या वाटेने आली? त्यासाठी फार दूर जायला नको. ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहापर्यंत चालत गेले म्हणजे पुरे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला आणि १७७४ साली इंग्रजांकडे गेलेला किल्ला तो हाच. १८१५ च्या जुलैत पंढरपुरास बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर त्याचा आळ आला. इंग्रजांनी पेशव्यावर दडपण आणून त्रिंबकजीला ताब्यात घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले, हेतू हा की एतद्देशीयांशी त्याचे संधान जुळू नये.

पण झाले उलटेच. किल्ल्यातल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या पागेत एक मराठी मोतद्दार चाकरीला राहिला. घोडा फिरवीत तो त्रिंबकजीच्या कोठडीखालून जाई आणि गाणी म्हणे. पहाऱ्यावरच्या शिपायांच्या लेखी ते नोकराचे गुणगुणणे होते, परंतु त्या गाण्यांत सुटकेचा सगळा बेत सांगितलेला होता. १८१६ च्या सप्टेंबरात, पावसाळी अंधारात, भिंतीला भोक पाडून त्रिंबकजी निसटला. बिशप हीबर यांनी आठ वर्षांनी, १८२४ साली, चुनारच्या किल्ल्यात पुन्हा कैदेत पडलेल्या त्रिंबकजीला पाहिले आणि आपल्या प्रवासवर्णनात ही गाण्याची हकीकत नोंदवून ठेवली.

त्रिंबकजी हा काही साधुपुरुष नव्हता, आणि गंगाधरशास्त्र्यांच्या रक्ताचा डाग गाण्याने धुतला जात नाही. तरीही या हकीकतीत लोकांच्या लक्षात कोण राहिले? पहारेकरी राहिले नाहीत, त्यांना नेमणारा साहेबही राहिला नाही. भाषा हीच किल्ली करून कुलूप उघडणारा तो मोतद्दार राहिला. परक्या राज्यात लोकांचे मन पहाऱ्याबरोबर नसते, पहारा चुकवणाऱ्याबरोबर असते. काळापहाडाचे एक मूळ आम्हांला इथे दिसते.

दुसरे मूळ मुंबईत आहे. १८५७ च्या सुमारास मुंबईच्या पोलिसांत चार्ल्स फोर्जेट नावाचा अधिकारी होता. तो हिंदुस्थानातच जन्मला आणि वाढला होता. इथल्या भाषा तो अस्खलित बोले, आणि वेष पालटून बाजारांतून, अड्ड्यांतून फिरे. कथा-कादंबरीत शोभावा असा हा खराखुरा गुप्तहेर, होम्सच्या जन्माआधी तीस वर्षे मुंबईच्या रस्त्यांवर हिंडत होता. त्या वर्षी फोर्जेटला सुगावा लागला की सोनापूर भागात गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपाई जमतात आणि उठावाचा बेत करतात. त्याने भिंतीला भोक पाडून शेजारच्या खोलीतून ते बोलणे ऐकले. आपल्या फौजेवर असा आळ येणे गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना पटेना, तेव्हा त्यांच्यातल्या एकाला त्याने त्या भोकापाशी आणून बसवले. परिणाम असा झाला की १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मंगल गाडिया आणि सय्यद हुसेन या दोघांना, ज्याला आज आपण आझाद मैदान म्हणतो त्या जागी, तोफेच्या तोंडी देण्यात आले. ताडदेवला फोर्जेटच्या नावाचा रस्ता आहे.

ठाण्याच्या भिंतीला भोक पाडले गेले ते कैद्याला बाहेर पडण्यासाठी. मुंबईच्या भिंतीला पडले ते माणसांना तोफेपर्यंत नेण्यासाठी. फोर्जेट कुशल होता यात शंका नाही, आणि त्याने शहराला मोठ्या रक्तपातातून वाचवले असे त्याच्या बाजूचे लोक म्हणत आले. आम्हांला इतकेच सांगायचे आहे की आपल्या मुलखात वेषांतर, पाळत, भिंतीआडचे ऐकणे या विद्या लोकांनी प्रथम पाहिल्या त्या सरकारच्या हातात, आणि त्या रोखलेल्या होत्या लोकांवर.

ही गोष्ट पुढे कामगारांच्या वाट्याला आली. १९२८ साली मुंबईच्या कापड गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला आणि तो जवळजवळ सहा महिने चालला. त्यातून गिरणी कामगार युनियन मोठी झाली. २० मार्च १९२९ रोजी देशभर एकाच दिवशी छापे पडले आणि कामगार पुढाऱ्यांना पकडून मीरतला नेण्यात आले. मुंबईचे डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे, अधिकारी त्यांत होते. तसेच आळवे आणि कासले हे प्रत्यक्ष गिरणीत काम केलेले कामगारही होते. मुंबईकरांचा खटला मीरतला का? मुंबईत ज्यूरी बसवावी लागली असती, मीरतला ती लागणार नव्हती. पुरावा होता कागदांचा. टपालात वाटेतच उघडून नकलून घेतलेली पत्रे, त्यांतले सांकेतिक शब्द, सभांतल्या भाषणांची पोलिसांनी घेतलेली टिपणे. १९३३ च्या जानेवारीत निकाल लागेपर्यंत जवळजवळ चार वर्षे हे चालले. त्याच वर्षी अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने बहुतेक शिक्षा पार कमी करून टाकल्या. पण जी वर्षे तुरुंगात गेली ती कोण परत देणार? खटल्याच्या मुदतीतच पुण्याचे वयोवृद्ध कार्यकर्ते ठेंगडी वारले, त्यांना तर निकालही ऐकता आला नाही.

गिरणगावातल्या चाळीत गुप्तहेर हा शब्द कसा ऐकला जात असेल, ते आता ध्यानात यावे. तेथे गुप्तहेर म्हणजे ओव्हरकोट घातलेला, पाइप ओढणारा सद्गृहस्थ नव्हे. सभेच्या कडेला वही घेऊन उभा राहणारा, चहाच्या दुकानात शेजारी बसून नको इतकी विचारपूस करणारा साध्या वेषातला माणूस, तो गुप्तहेर. ही ओळख स्वराज्यानंतरही पुसली गेली नाही. आमच्या स्वतःच्या गेटसभांना असा माणूस येई. बिचारा उन्हात उभा राहून टिपणे घेई, आणि सभा संपल्यावर आम्ही त्याला चहा पाजीत असू. तोही पोटार्थी, आम्हीही पोटार्थी.

अर्नाळकर ज्या मुंबईत बसून लिहीत होते ती ही मुंबई. त्यांच्या दुकानात लोक चष्मा घ्यायला येत, आणि डोळ्यांनी अधू झालेल्याला जग नीट दिसावे ही त्या धंद्याची सगळी मातब्बरी. शहरात रहस्याचा तुटवडा नव्हताच. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर भर रस्त्यात मोटार अडवून अब्दुल कादर बावला या तरुण व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्या सोबतच्या मुमताज बेगमला पळवून नेण्याचा तो डाव होता. गोल्फ खेळून परतणाऱ्या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी ती टोळी अडवली म्हणून मुमताज वाचली. धागे इंदूर दरबारापर्यंत पोचले आणि १९२६ साली तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. त्याच १९२५ साली या प्रकरणावर ‘कुलीन कांता’ हा मूकपट निघाला. कथेपेक्षा खरे जग पुढे धावते याचा दाखला शहराने असा उघड्या डोळ्यांनी पाहिला. पुढे १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. जहाजात दारूगोळा होता, कापूस होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. एक वीट तर दूरच्या एका घराचे छप्पर फोडून आत पडली. त्यानंतर पाचच वर्षांत, १९४९ साली, मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला आणि आपल्या ठाण्याच्या खाडीकाठच्या खारफुटीत हातभट्ट्या पेटल्या. गोदीतली चोरी, समुद्रावरून येणारे चोरटे सोने, रात्रीच्या होड्या, हप्ते घेणारे हात. अर्नाळकरांचे दर्यासारंग वाचणाऱ्याला ही पुस्तकातली मौज वाटत नसे. आपल्याच आळीच्या टोकाला हे चालू आहे, हे त्याला ठाऊक होते.

याच वाचकाला हेही ठाऊक होते की या साऱ्यात पकडला जातो तो होडीवाला आणि डोक्यावरून डबे वाहणारी बाई. ज्याचा माल आहे तो पकडला जात नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. मग अशा वाचकाला पोलिसाच्या हुशारीची कथा कितपत गोड लागणार? त्याला असा कोणी हवा होता की ज्याच्याजवळ गुप्तहेराची नजर आहे, वेषांतराची कला आहे, पण जो सरकारच्या किंवा शेटजीच्या पगारावर नाही. फोर्जेटची विद्या आणि त्या मोतद्दाराचे मन. काळापहाड हा आमच्या मते या दोहोंचा संगम आहे. त्याचा डगला लंडनहून आला असेल, पण आतला माणूस याच किनाऱ्याचा आहे. अर्नाळकरांनी हा हिशेब मांडून लिहिले असे आमचे म्हणणे नाही. लेखक आपल्या काळाची हवा घेतो आणि लिहितो, आणि वाचक ज्याला उचलून धरतो तेच टिकते.

आमच्या म्हणण्याला एक पडताळा अमेरिकेत मिळतो, तोही त्याच काळातला. डॅशिएल हॅमेट हा रहस्यकथा लिहिणारा लेखक तेराचौदाव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागला होता. शिक्षणाच्या बाबतीत तो आमच्याच पंगतीचा. १९१५ साली तो पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरीला लागला. ही संस्था चोर पकडीत असे, पण तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग मालकांकडून येई. संघटनेत हेर घुसवायचे आणि संप मोडायला माणसे पुरवायची, हा तिचा धंदा होता. १८९२ साली होमस्टेड येथील पोलाद कारखान्यात संप झाला तेव्हा या संस्थेची तीनशे माणसे तराफ्यांवरून नदीतून आणली गेली आणि कामगारांशी त्यांची लढाई झाली. १९१७ साली मोंटाना राज्यात ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या गावी फ्रँक लिटल नावाच्या कामगार पुढाऱ्याला रात्री खोलीतून ओढून नेऊन फाशी देण्यात आले. मारेकरी कधीच सापडले नाहीत. लिटलला मारण्यासाठी आपल्यालाही पैसे देऊ केले होते, असे हॅमेट सांगत असे. ही गोष्ट त्याची सहचरी, लेखिका लिलियन हेलमन हिने लिहून ठेवली आहे. अभ्यासकांत तिच्याविषयी मतभेद आहेत, म्हणून तिच्यावर आम्ही भार टाकीत नाही. तशी गरजही नाही, कारण हॅमेटची साक्ष त्याच्या कादंबरीतच आहे.

१९२९ साली, म्हणजे ज्या वर्षी मीरतची धरपकड झाली त्याच वर्षी, त्याची ‘रेड हार्वेस्ट’ पुस्तकरूपाने आली. एका खाणगावचा मालक संप मोडण्यासाठी बाहेरून गुंड आणतो. संप मोडतो, पण गुंड काही जात नाहीत. तेच गावाचे धनी होऊन बसतात आणि मालकाला ते झेपत नाही. कुंपणच शेत खाते ते असे. ज्याने आतून हा धंदा पाहिला त्यालाच ती रचना सुचू शकते. त्याचा गुप्तहेर होम्ससारखा निर्मळ नाही. आपल्या हातांना लागलेली घाण त्याला दिसते. पुढे १९५१ साली न्यायालयाने हॅमेटला जामीन निधीला पैसे देणाऱ्यांची नावे विचारली. त्याने ती सांगितली नाहीत आणि त्यासाठी तुरुंगवास पत्करला. एके काळी लोकांची माहिती काढण्याचा पगार घेणारा माणूस माहिती न देण्यासाठी तुरुंगात गेला.

अर्नाळकरांनी गुप्तहेराला सरकारी पगारातून सोडवला. हॅमेटने तो पगार कुठून येतो हे दाखवून दिले. दोघांची वाट वेगळी आणि दर्जाही वेगळा. पण दोघांच्या मागे एकच प्रश्न उभा आहे. ही शोध घेणारी नजर कोणासाठी?

या प्रश्नाचे चांगले उत्तर कॉनन डॉयल यांनी कथेबाहेर दिले, आणि त्याचा एक धागा मुंबईशी जुळतो. मुंबईत जन्मलेले पारशी शापुरजी एडलजी ख्रिस्ती होऊन इंग्लंडात एका गावचे धर्मोपदेशक झाले. त्यांचा मुलगा जॉर्ज वकील होता. १९०३ साली त्या भागात रात्री कोणीतरी जनावरांना भोसकत होते. काळ्या कातडीच्या या घराण्यावर आधीच गावाचा रोख होता. जॉर्जला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तो सुटून आल्यावर डॉयल त्याला भेटायला गेले. जॉर्ज बैठकीत वर्तमानपत्र वाचीत होता, कागद अगदी डोळ्यांशी आणि तिरपा धरून. डॉयल हे नेत्रवैद्यकही शिकलेले. त्यांनी तेथेच ओळखले की या माणसाला इतके कमी दिसते की रात्रीच्या अंधारात शेते, कुंपणे, रूळ ओलांडून जनावर गाठणे त्याला शक्य नाही. १९०७ साली त्यांनी हे प्रकरण वर्तमानपत्रातून लावून धरले. सरकारने जॉर्जला माफी दिली, भरपाई मात्र दिली नाही. पण त्याच वर्षी इंग्लंडात फौजदारी अपिलांसाठी न्यायालय स्थापन झाले, आणि त्याला या प्रकरणाने जोर दिला. कोण काय पाहू शकतो, एवढ्या साध्या प्रश्नाने हे घडले.

हा साधा प्रश्न आम्हांला आमच्या कामात उपयोगी पडला. कारखान्यात एखाद्या कामगाराला आरोपपत्र मिळते, मग खात्याअंतर्गत चौकशी बसते. चौकशी अधिकारी मालकाने नेमलेला, साक्षीदार मालकाच्या नोकरीतले, आणि कामगाराच्या बाजूने संघटनेचा प्रतिनिधी. तेथे वकिली शिकलेला माणूस नसतो, आमच्यासारखा असतो. नव्वदीच्या दशकात एका कारखान्यात पितळी व्हॉल्व्ह चोरीला गेले आणि रात्रपाळीच्या एका मदतनिसावर आळ आला. पहारेकऱ्याची साक्ष झाली. रात्री दोनच्या सुमारास टाकीजवळच्या दिव्याखाली आपण याला पिशवीसह पाहिले, चेहरा स्पष्ट ओळखला. साक्ष ठाम होती. आम्ही त्याला खोटे पाडण्याच्या भरीस पडलो नाही. आम्ही देखभाल विभागाची त्या रात्रीची वही मागितली. ती द्यायला तीन तारखा लागल्या. वहीत नोंद होती की दीड ते तीन त्या बाजूची वीज बंद होती. मग आम्ही पहारेकऱ्याला एकच प्रश्न विचारला, दिवा लागला होता का? त्याने साहेबाकडे पाहिले, मग जमिनीकडे पाहिले. आरोप मागे घेतला गेला. तोवर त्या मनुष्याचे तीन महिने तेव्हाच्या नियमाप्रमाणे अर्ध्या पगाराच्या निर्वाह भत्त्यावर गेले होते आणि मुलाची शाळा सुटली होती. व्हॉल्व्ह कोणी नेले, हे शोधण्यात पुढे कोणालाच रस उरला नाही.

श्रोतेहो, यात आमची हुशारी नाही. शेवटचे पान फाटलेल्या पुस्तकांनी लावलेली ही सवय आहे. आळ आणि पुरावा यांत अंतर असते. साक्षीदार खोटाच असतो असे नाही, पण त्याने काय पाहिले आणि त्याला काय पाहायला सांगितले, हे वेगळे करावे लागते. सगळ्यांचा ज्याच्यावर संशय असतो तो बहुधा गुन्हेगार नसतो. रहस्यकथेचा हा अगदी प्राथमिक नियम आहे आणि ज्याच्या घरी चार आण्यांचेही पुस्तक विकत घेण्याची ऐपत नव्हती त्या वाचकानेही तो आत्मसात केला. विद्वानांनी या वाङ्मयाला दुय्यम मानले, आणि भाषेच्या दृष्टीने पाहता त्यात तथ्यही असेल. परंतु लाखो कष्टकऱ्यांना कार्यकारणाची गोडी ज्याने लावली, त्याचे हे ऋण कोणाच्या तरी खात्यावर मांडले पाहिजे.

हे आज सांगण्याला कारण आहे. कोलशेतचे कारखाने बहुतेक गेले. त्या जागी तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. ज्यांचे वडील त्या कारखान्यांच्या फाटकातून पंच करून आत जात, त्यांच्या लेकी-सुना आज त्या इमारतींच्या फाटकावर नोंद करून, पिशवी उघडून दाखवून धुण्याभांड्यांना जातात. वर एखाद्या घरात अंगठी सापडेनाशी झाली की पहिला संशय कोणावर जातो, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फाटकावर कॅमेरे आहेत, फोनवर येण्याजाण्याच्या वेळा आहेत. फोर्जेटला जे भिंतीला भोक पाडून करावे लागले ते आता बसल्या जागी होते. नजर वाढली आहे. ती कोणासाठी, हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे. घरात बाई कामाला येते त्या प्रत्येक घरात एक छोटी चौकशी कधी ना कधी बसतेच, आणि तेथे तिच्या बाजूने बोलायला संघटनेचा प्रतिनिधी नसतो. तेथे तुम्हीच चौकशी अधिकारी आणि तुम्हीच बचावाचे प्रतिनिधी. अंगठी हरवल्याच्या दिवशी रागाच्या भरात बाईला बोलावण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि विचारा, दिवा लागला होता का?